प्रेम हाताला कसं लागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला राजेंद्र नगरात माझा शिवणवर्ग आहे. तिथेच लग्न ठरलेल्या आणि लग्न होऊन बरीच वर्षं झालेल्या जोड्यांसाठी मी अधूनमधून एक बैठक घेते. टेबलावर कापडाचे तुकडे मांडलेले असतात. दोघांनी डोळे मिटून ते चाचपायचे आणि आपलं नातं सध्या त्यातल्या कशासारखं लागतं ते एकमेकांना सांगायचं. बैठक संपल्यावर जिन्यात, फोनवर, कधी सराफ्यात जिलबी खाताना भेटले तरी लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

प्रेमासाठी कापडच का? चंद्र, पाऊस, मोगरा काय वाईट आहे?

काहीच वाईट नाही. पण मोगऱ्याची निगा कुणी राखत नाही. तो सुकला की दुसरा आणतो. कापड आपण धुतो, वाळवतो, इस्त्री करतो, उसवलं तर शिवतो. आणि प्रत्येक कापडाची निगा वेगळी असते. कापूस ज्या पाण्यात खुशाल आपटून धुवावा, त्या पाण्यात लोकर घातली तर संपली. मला एवढंच सांगायचं आहे की प्रेमाचंही तसंच आहे. एका टप्प्यावर जे वागणं योग्य, तेच दुसऱ्या टप्प्यावर कापड फाडतं. प्रेम कमी पडल्यामुळे बिघडलेली घरं मी थोडी पाहिली. चुकीच्या निगेमुळे बिघडलेली फार.

दुसरं कारण आपलं गाव. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत आजोबा नाहीतर काका मिलमध्ये कताईखात्यात किंवा विणाईखात्यात होते. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून लग्नाचा बस्ता बांधलेली घरं तर मोजता यायची नाहीत. महेश्वर इथून जवळ, बाग हे छपाईचं गाव धार जिल्ह्यात, व्हिस्कोसचे, म्हणजे रेयॉनचे, तंतू बनतात ते नागदा उज्जैनच्या पलीकडे. कापडाची भाषा इथे कुणाला शिकवावी लागत नाही.

प्रेमाचे टप्पे एकूण किती?

ठरलेले नाहीत. कुणी लग्नाच्या तिसाव्या वर्षी पुन्हा मखमलीवर येतं, कुणाच्या वाट्याला मखमल कधीच येत नाही आणि तरी संसार सुखाचा होतो. खालचा क्रम फक्त वाचायच्या सोयीचा आहे.

पहिली ओढ कोणत्या कापडासारखी?

मखमलीसारखी. मखमलीवर बारीक लव उभी असते. तिच्या दिशेने हात फिरवला तर लोण्यासारखं लागतं, उलट फिरवला तर हात अडतो आणि रंगसुद्धा गडद दिसायला लागतो. कापड तेच, दिशा बदलली. नव्या ओढीत माणूस सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा वाटतो तो यामुळेच. त्यावरून घाईने निकाल देऊ नये. मखमल घडी घालून दाबून ठेवत नाहीत, तिच्यावर थेट इस्त्रीही फिरवत नाहीत. लव चपटी होते. टांगून ठेवावी, वाफ द्यावी. या दिवसांत एकमेकांकडून वचनं, खुलासे, भविष्याचे आराखडे मागत बसू नका.

साखरपुडा झालाय, लग्नाला बरेच महिने आहेत. आधी वाटायचं तसं आता काही वाटत नाही. काळजी करावी का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुतेक मुलींकडून आणि बहुतेक कुजबुजत. माझं उत्तर बाग प्रिंटचं आहे.

बागला खत्री कारागीर कापड कसं छापतात ते सांगते. आधी कोरं कापड एरंडेल, खार आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवतात. मग हिरड्याचं पाणी देतात, त्याने कापड पिवळसर होतं. मग लाकडी ठशांनी छपाई. काळ्यासाठी लोखंडाचा गंज गुळाबरोबर आंबवून केलेला लगदा, लालसाठी तुरटीचा. आता गंमत बघा. तुरटी हिरड्याच्या कापडावर छापली की लाल काही दिसत नाही. नवख्या माणसाला वाटतं, इथे काही झालंच नाही. असं कापड कित्येक दिवस नुसतं ठेवून देतात. त्यानंतर वाहत्या पाण्यात धुतात, कारण जास्तीचा लगदा निघून गेला पाहिजे. साचलेल्या पाण्यात तोच दुसरीकडे चिकटून डाग पाडेल. शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन आणि धावड्याच्या फुलांबरोबर कापड उकळतात. तिथे, डोळ्यांदेखत, लाल वर येतो. जिथे तुरटी बसली होती तेवढ्याच जागी. बाकीचं कापड तसंच राहतं.

साखरपुडा ते लग्न हा काळ त्या ठेवून दिलेल्या कापडाचा आहे. रंग दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नका. त्यापेक्षा हे बघा की तुरटी कुठे कुठे बसते आहे. तो तुमच्या आजारी वडिलांची विचारपूस करतो का? ठरल्या वेळेला फोन करणार नसेल तर आधी कळवतो का? तुम्ही त्याच्या धाकट्या बहिणीशी कशा बोलता? पुढे संसाराची भट्टी पेटते तेव्हा नवा रंग कुणी आणून ओतत नाही. आज ज्या ज्या जागी हे बारीक बारीक छापलं गेलं, तिथेच तो चढतो.

मात्र काही वाटत नाही आणि भीती वाटते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीती वाटत असेल तर लग्न थांबवायला पत्रिका छापून झाल्या असल्या तरी उशीर झालेला नसतो. आईला सांगा, आत्याला सांगा, पण सांगा.

लग्नाआधी एवढं छान जमत होतं. पहिल्याच वर्षी एवढी भांडणं कशी?

कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. का आटतं ते नीट समजून घ्या, कारण यात दोघांपैकी कुणाचाही दोष नसतो.

मागावर उभे धागे घट्ट ताणून बसवलेले असतात. कापड तयार होताना सगळा वेळ ते ताणातच असतं. वरून खळ, त्यामुळे ते ताठ, गुळगुळीत, दुकानात फार देखणं दिसतं. पहिल्यांदा पाण्यात पडलं की खळ निघते आणि धागे, इतके दिवस ओढून धरलेले, आपापल्या मूळ लांबीवर येतात. कापड लांबीत आखडतं. ते बिघडलेलं नसतं, त्याचा ताण उतरलेला असतो.

लग्नाआधी दोघंही ताणात असतात. चांगलं दिसण्याचा, चांगलं बोलण्याचा, घरच्यांसमोर शोभण्याचा ताण. मग एका घरात राहायला लागल्यावर रोज ओला टॉवेल पलंगावर, रोज सासूबाईंचा सहाचा चहा, गॅस सिलिंडर संपलेला. खळ उतरते आणि माणूस आपल्या मूळ मापावर येतो. तेव्हा समोरच्याला वाटतं, फसवलं. कुणी फसवलेलं नसतं.

शिवणाऱ्यांकडे यावर जुना उपाय आहे. माझ्या वर्गात पहिला धडा तोच असतो. कापड आणलं की लगेच कातरी लावायची नाही. रात्रभर साध्या पाण्यात बुडवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, आणि मग माप घ्यायचं. ज्यांनी कोऱ्यावरच माप घेतलं त्यांचा ब्लाउज पहिल्या धुण्यानंतर दंडात शिरत नाही. पहिल्या वर्षातली बरीच भांडणं ही कोऱ्यावर घेतलेल्या मापांची असतात: "तू तर म्हणाली होतीस तुला माझ्या आईबरोबर राहायला आवडेल", "तू तर म्हणाला होतास नोकरी सोडायला लावणार नाही". माप पुन्हा घ्या. शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड सोडलेलं असेल तर उसवून सैल करता येतं. म्हणून पहिल्या वर्षी कुठलीही गोष्ट काठोकाठ शिवू नका. स्वतंत्र घर, मूल, कर्ज, आई-वडिलांची जबाबदारी, जे थांबवता येईल ते थोडं थांबवा.

मग लग्नाआधीच भिजवून बघता येतं का?

येतं. सिनेमा आणि छप्पन दुकानच्या भेटींमध्ये कुणी भिजत नाही. त्याऐवजी एकत्र एखादं कंटाळवाणं काम करा: बँकेतली रांग, कुणाला दवाखान्यात नेणं, घरातलं सामान हलवणं, पाहुण्यांच्या गर्दीत वाढणं. दमलेला, भुकेला, उशीर झालेला माणूस कसा बोलतो ते बघायला मिळालं की झालं. घरच्यांनीही याला आडकाठी करू नये. मुला-मुलीला दोघांना मिळून पत्रिका वाटायला पाठवणाऱ्या काकूंचं मला कौतुक वाटतं, कारण जुन्या इंदूरच्या गल्ल्यांत, रणरणत्या उन्हात, एका स्कूटरवर, पत्ता सापडत नसताना खूप काही कळतं.

आमचे स्वभाव एकदम उलट आहेत. हे टिकेल का?

महेश्वरी हातात घेऊन बघा. हल्लीच्या बहुतेक महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. एक गुळगुळीत, चमकणारा, नाजूक. दुसरा साधा, घाम शोषणारा, दणकट. दोघांनी आपापला गुण सोडलेला नाही म्हणून तर ती साडी इंदूरच्या उन्हात नेसवते आणि लग्नातही शोभते. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली, बाहेरून विणकर आणून वसवले, असं सांगतात. पुढे ही कला मोडकळीला आली तेव्हा १९७८ साली रेहवा सोसायटी ही विणकरांसाठीची संस्था उभी राहिली आणि माग पुन्हा चालू लागले. महेश्वरीच्या काठांवर किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडातली नक्षी आहे: वीट, चटई, नर्मदेची लाट. आणि काठ दोन्ही बाजूंनी सारखा, उलटी नेसली तरी चालते.

तेव्हा टिकेल का, याचं उत्तर होय. पण निगा कशी, ते ऐका.

महेश्वरीला इस्त्री करताना अडचण येते. सुती धाग्याच्या सुरकुत्या जायला इस्त्री चांगली गरम लागते. तेवढ्या गरम इस्त्रीने रेशीम करपतं. मग काटा कुठे ठेवायचा? नेहमी नाजूक धाग्याच्या मानाने. थोडं पाणी शिंपडायचं, उलट्या बाजूने हलक्या हाताने फिरवायची, आणि एखादी सुरकुती राहिली तर राहू द्यायची.

एकदा बैठकीत एका नवऱ्याने मला विचारलं, "म्हणजे नेहमी हिच्याच मनासारखं का?" ती शेजारीच बसली होती, तुकडा बोटांत धरून. मी दोघांना एकेका कागदावर लिहायला सांगितलं की कोणत्या विषयावर आवाज चढला की आपल्याला सहन होत नाही. तिने लिहिलं, माझं माहेर. त्याने बराच वेळ घेतला आणि लिहिलं, माझा पगार. दोघांनी कागद बदलून वाचले आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. रेशीम एकाच माणसात नसतं. पैशांच्या बोलण्यात तो रेशीम होता, माहेरच्या बोलण्यात ती. ज्या विषयात जो नाजूक, त्या विषयात काटा त्याच्यासाठी खाली आणायचा.

दरवेळी मीच का नमतं घ्यायचं? मी मऊ झाले की माझं काही उरतच नाही.

किड्याने कोशाभोवती गुंडाळलेला रेशमी धागा मुळात गोंदाने माखलेला असतो. तो तसाच विणला तर कापड ताठ, थोडं खरबरीत. साबणाच्या गरम पाण्यात उकळला की गोंद सुटतो. मग तो मऊ, चमकदार, अंगावर ओघळणारा होतो. पण उकळताना वजन घटतं, कच्च्या रेशमाचं जवळजवळ पाव वजन गोंदाचंच असतं. मऊ होताना काहीतरी जातं हे तुमचं म्हणणं खरं आहे. ते कुणी नाकारलं तर ऐकू नका.

प्रश्न एवढाच की जातंय ते गोंद आहे की धागा. "भाजी माझ्याच पद्धतीची हवी", "माझं घड्याळ तेच खरं" हा गोंद. तुमचं शिक्षण, तुमचं गाणं, तुमच्या मैत्रिणी, तुमची झोप हा धागा. धागा जात असेल तर ते उकळणं थांबवायचं आणि घरात तसं स्पष्ट बोलायचं. शिवाय एकाच धाग्याला उकळून दुसरा कच्चाच ठेवला तर कापड कधी एकजीव होत नाही, वळवळतं.

आणि सगळ्यांनी मऊ झालंच पाहिजे असंही नाही. चंदेरीचं रेशीम गोंद न काढताच विणतात. तिची पारदर्शक झाक आणि कुरकुरीतपणा त्यामुळेच आहे. काही जोडपी अशी असतात, शेवटपर्यंत एकमेकांशी जरा ताठ, आणि सुंदर. फक्त चंदेरीची घडी अधूनमधून बदलावी लागते, नाहीतर त्याच त्या घडीवर ती चिरते. तोच तो वाद दरवेळी त्याच ओळीवर येऊन मोडत असेल तर जागा बदला, वेळ बदला, फिरायला जाऊन बोला.

आम्ही एकमेकांशिवाय एक क्षण राहत नाही. हे तर चांगलंच ना?

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की त्याचा नमदा होतो. लोकरीच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घासणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. सुताचं आटणं हे ताण उतरणं होतं. लोकरीचं हे गुंतणं आहे, आणि त्याला उलटं जाणं नाही. स्वेटर लहान, जाड, घट्ट होतो. मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा झालेला तुम्हीही पाहिला असेल.

दोघांचा एकच फोन, एकच मैत्रमंडळ, एकमेकांचे पासवर्ड, तो नसताना हिने कुठे जायचं नाही, ही ऊब आणि ओल आहे. त्यावर संशयाचं रोजचं घासणं आलं की नमदा झालाच म्हणून समजा. नुसती जवळीक कुणाचं काही बिघडवत नाही. लोकर गार पाण्यात, न चोळता, दाबून धुवा. आठवड्यातून एक संध्याकाळ आपापली ठेवा.

परिस्थितीने प्रेम विरतं का? यांची नोकरी गेल्यापासून घरात बोलणंच उरलं नाही.

ताई, याचं उत्तर मी घाईने देणार नाही.

विरतं, हे खरं आहे. कापड सगळीकडे सारखं विरत नाही. जिथे घासतं तिथे विरतं. कोपर, कॉलर, बसायची जागा. पैशांची ओढाताण असली की रोज त्याच जागी घासलं जातं: दूधवाल्याचं बिल, मुलांची फी, सासरच्या लग्नातला आहेर. बाकी कापड अजून धडधाकट असतं, पण आपल्याला वाटतं सगळंच संपलं.

इंदूरला हे नव्याने सांगायला नको. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं. हजारो घरांत हा काळ गेला. काही घरं मोडली, माणसं वाट बघत गेली. ज्या घरांत नवरा-बायको एकमेकांच्या जवळ राहिली, त्यांच्या आयांना, आज्यांना मी विचारते की काय केलं, तर त्या मोठं काही सांगत नाहीत. सांगतात ते असं: कुणी शिलाई घेतली, कुणी पापड लाटले, आणि महिन्याचे पैसे दोघांनी एकत्र बसून मोजले.

जुन्या बायका लुगड्याला दांड घालायच्या. नऊवारी मधोमध विरली की तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवायची. लुगडं थोडं आखूड व्हायचं, मधे शिवण दिसायची, पण आणखी बराच काळ नेसता यायचं. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. विरलेल्या जागेवर रडत बसायचं नाही आणि अख्खं लुगडंही टाकायचं नाही. तुमच्या घरात जे विरलंय ते पैशांचं बोलणं आहे. काही दिवस ते कागदावर करा, तोंडी नको. हिशेबाची एक वही, आठवड्यातून एक ठरलेली वेळ. बाकीच्या वेळी त्या विषयाला हात लावायचा नाही. मग जिथे कापड धड आहे तिथे पुन्हा टोक जोडा. मुलांचा अभ्यास, देवळात जाणं, रेडिओ, जे तुमचं असेल ते.

एक गोष्ट अजून. सुताचा धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा बळकट होतो, म्हणून सुती कापड पिळून धुवून पिढ्यानपिढ्या टिकतं. व्हिस्कोसचं उलट आहे; ओलं असताना त्याचं जवळजवळ निम्मं बळ जातं. म्हणून व्हिस्कोस वाईट नाही, वाळल्यावर ते पुन्हा पूर्ववत होतं. फक्त ओलं असताना पिळायचं नाही. नोकरी गेलेला माणूस यांपैकी कोण आहे ते तुम्हालाच माहीत. काहींना अशा वेळी काम सांगितलेलं, जबाबदारी दिलेली मानवते. काहींना काही महिने नुसतं वाळू द्यावं लागतं.

विश्वास तुटला. पुन्हा जोडता येतो का?

चांगला रफूगर बाजारातून धागा आणत नाही. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून, दुमडीतून धागे ओढून काढतो आणि भोकाच्या आडव्या-उभ्या धाग्यांत एकेक करून विणतो. भोकाच्या कडेच्या बरंच पलीकडपासून सुरुवात करतो, कारण कडेचे धागे दुबळे झालेले असतात. वेळ लागतो. महागडी भेट, परदेशवारी, सोन्याची बांगडी ही ठिगळं आहेत. विरलेल्या कापडावर नवं जाड ठिगळ लावलं की ठिगळ टिकतं आणि भोवतालचं कापड फाटतं.

तेव्हा धागा तुमच्या दोघांच्या आधीच्या आयुष्यातूनच काढावा लागेल, आणि भोकाच्या बरंच अलीकडे जाऊन बोलावं लागेल. ज्याने फाडलं त्याने धागा ओढून द्यायचा, दुसऱ्याने नाही.

आणि हात उगारला जात असेल तर?

तर रफू नाही. मुलं आहेत म्हणून नाही, लोक काय म्हणतील म्हणून नाही. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा आहे आणि त्यात तुम्हाला राहत्या घरात राहण्याचाही हक्क आहे. माझा वर्ग चालू असताना कधीही या. शिवायला आले म्हणून सांगा.

उतारवयातल्या प्रेमाला सगळे गोधडी म्हणतात. तुम्ही रजई का म्हणता?

गोधडी मला प्रिय आहे. पण रजईत एक गोष्ट आहे जी गोधडीत तितकी कळत नाही. ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते. वर्षानुवर्षं वापरून कापूस दबतो, गोळे होतात, मधे रिकामं पडतं. रजईचं वजन तेवढंच, पण माळव्यातल्या डिसेंबरात थंडी वाजते. म्हणून पिंजाऱ्याकडे द्यायची. तो जुनाच कापूस धनुकलीवर किंवा यंत्रावर पिंजतो, तो पुन्हा फुलतो, पुन्हा भरून टाके घालतात. नवा कापूस फार थोडा लागतो.

निवृत्तीनंतर दिवसभर एका घरात बसलेली जोडपी माझ्याकडे येतात. प्रेम गेलेलं नसतं, दबलेलं असतं. हवा कोंडायला जागा राहिलेली नसते. मी त्यांना म्हणते, काका सकाळी नेहरू पार्कात, काकू भजनी मंडळात, आणि जेवताना एकमेकांना सांगायला काहीतरी घेऊन या. ऊन दाखवा रजईला. उन्हात टाकलेली रजई संध्याकाळी हाताला किती वेगळी लागते!

माझे यजमान गेले. ही बैठक माझ्यासाठी आहे का?

आहे. तुम्ही फक्त त्यांचा एखादा सदरा किंवा धोतर घेऊन या. काही करायचं नाही, धरून बसायचं. लोक लवकर कपडे वाटून टाकायला सांगतात. तुमचा हात तयार होईल तेव्हा द्या, त्याआधी नको. पुढे वाटलं तर नातवंडाचं दुपटं किंवा झबलं त्यातूनच शिवू. तान्ह्या बाळाच्या अंगाला अनेकदा धुतलेल्या सुतासारखं दुसरं काही चालत नाही, हे घरोघर माहीत आहे. शिवायचं नसेल तर ते तसंच धुऊन, घडी करून परत न्या.

पुरुषांना हे जमतं का? आमचे हे म्हणतात, हा बायकांचा खेळ आहे.

त्यांना म्हणावं, एकदा या. मिलमधून निवृत्त झालेले एक आजोबा मुलीला सोडायला आले होते आणि दारातच उभे होते. मी एक तुकडा पुढे केला. त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरून एकदाच चोळला, उजेडाकडे करून पाहिला आणि कोणत्या प्रतीचं सूत आहे ते सांगितलं. मग खुर्ची ओढून बसले आणि बैठकीत सगळ्यात जास्त तेच बोलले, तेही बायकोबद्दल, जिच्याबद्दल मुलीने त्यांना आजवर कधी बोलताना ऐकलं नव्हतं. पुरुषांना शब्द कमी पडत असतील, बोटं कमी पडत नाहीत.

घरी करून बघायचं तर काय काय लागेल?

नवं काही विकत आणू नका. मखमलीचा तुकडा जुन्या दागिन्यांच्या डबीत सापडेल. कोरं, न धुतलेलं सुती कापड आणि तेच अनेकदा धुतलेलं, असे दोन तुकडे घ्या. हे दोन सगळ्यात महत्त्वाचे. एखादी महेश्वरी, तिचा कोपरा पुरे. स्वेटर, शक्यतो धुण्यात बिघडलेला. रफू केलेलं काहीतरी. चंदेरी असेल तर उत्तम. तळहातापेक्षा मोठे तुकडे नकोत.

रात्री, मुलं झोपल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने तुकडे एकेक करून हातात द्यायचे. मिटलेल्या डोळ्यांनीच सांगायचं: आज आपण यातलं कोणतं? उत्तर पटलं नाही तरी दुसऱ्याने त्या रात्री वाद घालायचा नाही, एवढा एक नियम पाळा. दोघांचे तुकडे वेगळे निघाले तर दोन्ही उशाशी ठेवा आणि सकाळी चहाच्या वेळी त्यावर बोला. निगा कोणती लागते ते वर शोधा.